बासिलचं नाव कोणी पुसलं?

१

एकोणीस निरोपांमधून एकच शब्द नाहीसा झाला होता. प्रत्येक वेळी तोच, आणि प्रत्येक वेळी पहिलाच.

सोमवारी सकाळी मी माझ्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं असेल नसेल, तेवढ्यात विदाद वाकून आत शिरली. डोळे सुजलेले, ओढणी उलटी.

"ओदेत, माझ्या सख्ख्या भावानं मला चोर ठरवलंय," म्हणाली आणि माझ्या स्टुलावर बसून रडायलाच लागली.

विदाद माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे वडील मुअल्लिम मित्री, म्हणजे मित्री उस्ताद, आमच्या मीना बंदरातले होड्या बांधणारे नावाजलेले सुतार. त्यांच्या घशात गाठ निघाली होती आणि गुरुवारी शस्त्रक्रिया होती. स्वरयंत्र काढायचं होतं, म्हणजे शुक्रवारपासून त्यांना आवाज असणार नव्हता. इस्पितळातल्या बाईंनी सांगितलं होतं, आहे तोवर आवाज साठवून ठेवा. म्हणून विदादनं घरातला जुना लॅपटॉप काढला, त्याच्या यूएसबीच्या खाचेत एक मायक्रोफोन खोचला, आणि म्हातारा रोज त्याच्यासमोर बसू लागला. इस्पितळानं दिलेली शंभर वाक्यं वाचायची, सिडनीतल्या धाकट्या लेकीला, तक्लाला, निरोप पाठवायचा, आणि एक निरोप स्वीडनमध्ये बासिलला.

हे शेवटचं ऐकून सगळ्या गल्लीनं तोंडात बोटं घातली होती. अकरा वर्षांपूर्वी मुअल्लिमनी या एकुलत्या एका मुलासाठी स्वतःच्या हातांनी होडी बांधली. पोरानं महिनाभरात ती परक्याला विकली आणि कोणाला न सांगता विमानात बसला. त्या दिवशी म्हातारा म्हणाला, "या घरात ते नाव निघता कामा नये." आमच्याकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, अबू बासिल, म्हणजे बासिलचा बाप, म्हणून. त्या दिवसापासून कोणी अबू बासिल म्हटलं की मुअल्लिम वळूनही बघत नसत.

विदादनं फोन पुढे केला. बासिलनं लिहिलं होतं: "प्रत्येक निरोपात आधी दीड सेकंद मुकं, मग एकदम 'कसा आहेस'. माझा एक मित्र ध्वनिमुद्रणाचं काम करतो. तो म्हणाला, हे पुसलेलं आहे, खोलीचा साधा आवाजसुद्धा यात नाही. तक्लाचे निरोप तिनं मला ऐकवले, त्यांत तिचं नाव स्वच्छ आहे. म्हणजे एकतर बाबा माझं नाव घेतच नाहीत, नाहीतर ते घेतात आणि तू पुसतेस. यातलं काहीही असलं तरी मी कशाला येऊ? यापुढे पाठवू नकोस."

"ते नाव घेतात का गं?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? ते दार लावून बसतात. मी नुसतं पाठवायचं काम करते." तिनं नाक पुसलं आणि आवाज खाली आणला. "आणि ओदेत, त्या लॅपटॉपवर आवाज कापायचं सॉफ्टवेअर आहे. ते मी टाकलेलं नाही."

२

विदाद, तिचा नवरा लबीब आणि म्हातारा, इतकीच माणसं त्या घरात. चौथं कोणी नाही. गुन्हेगार शोधायला मला फार पायपीट नव्हती, आणि त्याचंच दुःख होतं.

अकरा वाजता मी त्यांच्याकडे पोचले. खालच्या चौकात जनरेटर असा बोंबलत होता की जिन्यात आपलाच आवाज ऐकू येत नव्हता. सरकारी वीज कधीतरी पाहुणी आल्यासारखी येते, त्यामुळे आमचा सगळा संसार गल्लीतल्या जनरेटरवर चालतो. घरटी पाच अँपियर. इस्त्री आणि किटली एकदम लावली की खटका पडतो.

लबीब शाळेत भूगोल शिकवतो. स्वयंपाकघरात तो कॉफीचं भांडं घेऊन उभा होता आणि मला बघून त्यानं भुवया वर केल्या.

"या, सित ओदेत, या बाईसाहेब. इन्स्पेक्टर म्हणून आलात का?"

"ते कात्रीचं सॉफ्टवेअर तू टाकलंस?"

"टाकलं. मग?"

"कशासाठी?"

"ऐका की जरा!" त्यानं खिडकीकडे हात केला. "तक्लाच्या निरोपात बापाचा आवाज कमी आणि जनरेटरचा जास्त. पोरगी म्हणाली, भावजी, काहीतरी करा. केलं, जमलं नाही, सोडून दिलं. झालं तुमचं समाधान?"

"बासिलच्या निरोपांना हात लावलास?"

त्यानं भांडं खाली ठेवलं. "सरळ सांगतो. मला तो माणूस आवडत नाही. अकरा वर्षं इथं सासऱ्यांची औषधं कोण आणतं? त्यांना न्हाव्याकडे कोण नेतं? आणि तिकडून पत्र येतं तेही माझ्या बायकोला चोर म्हणणारं. पण नाव पुसायचं तर आधी ते ऐकावं लागेल ना? मी त्याचे निरोप कधी उघडलेसुद्धा नाहीत."

त्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेल्या निरोपांची यादी होती आणि तिच्यात फक्त तक्लाचे होते. पण अशी यादी पुसायला एक टिचकी पुरते, हे मला माहीत होतं. मला हे माहीत आहे, हे लबीबलाही कळलं. त्यानं मला कॉफी दिली नाही. आमच्याकडे दारी आलेल्याला कॉफी न देणं म्हणजे तोंडात मारल्यासारखंच.

मी बासिलचे दोन-तीन निरोप कानाला लावून ऐकले. दीड सेकंद काहीच नाही, श्वाससुद्धा नाही, मग आवाज. बाकी निरोप इतके स्वच्छ की दूरवरचे समुद्रपक्षी ऐकू येत होते. तक्लाच्या निरोपांत मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जनरेटर.

"याच्या निरोपांत जनरेटर कसा नाही?" मी विचारलं.

"त्याचे दोन वाजता होतात," विदाद म्हणाली. "एक ते चार जनरेटर बंद असतो ना."

मी मान हलवली आणि पुढे गेले. तिथेच थांबायला हवं होतं, पण माझं अर्धं डोकं अजून लबीबच्या कॉफीत होतं.

३

"बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही," विदादनं मला दारातच बजावलं. "गुरुवारपर्यंत तरी नाही. शपथ घे."

मी घेतली आणि मायक्रोफोन तपासायचं निमित्त करून आत गेले. मुअल्लिम मित्री खिडकीपाशी खुर्चीत होते. हात अजून सुताराचेच, अंगठ्यावर करवतीचा जुना व्रण. आवाज मात्र खरवडल्यासारखा झाला होता.

"ये पोरी. यंत्र बघायला आलीस की मला?"

"दोघांनाही. मुअल्लिम, तुम्ही बोलायला सुरुवात कधी करता? बटण दाबलं की लगेच, की थांबून?"

"लगेच. थांबलो तर धीर जातो."

"आणि पहिलं काय म्हणता?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, मी पकडली गेले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाव. आधी नाव घेतो. ते एकदा तोंडातून निघालं की बाकीचं आपोआप येतं. अकरा वर्षं घेतलं नव्हतं, अजून रोज जिभेला जड जातं."

 म्हणजे नाव घेतलं जात होतं. एकोणीस दिवस, दार लावून, हा म्हातारा मुलाला हाक मारत होता आणि ती पोचत नव्हती.

"मग दुपारी दोनलाच का? दुपारी तर तुम्ही झोपता."

"झोप काय, शुक्रवारपासून झोपायचंच आहे." ते हसले आणि खोकले. "सकाळी तो राक्षस खाली ओरडत असतो. तक्ला समजून घेते, तिला मी रोजचा आहे. त्याला मात्र नीट ऐकू गेलं पाहिजे. म्हणून गल्लीतला शांत वेळ त्याच्यासाठी ठेवलाय."

मी मायक्रोफोन घेऊन बाहेर आले. विदाद दाराबाहेर वाट बघत होती.

"काय म्हणाले?"

"नाव घेतात," मी म्हटलं. "रोज घेतात."

तिचा चेहरा आधी उजळला. मग तिलाही कळलं, आणि ती हळूच स्वयंपाकघराकडे बघायला लागली. तिथं लबीब पाठमोरा भांडी विसळत होता.

४

एक वाजता जनरेटर बंद झाला आणि गल्लीत एकदम शांतता पसरली. लॅपटॉप बॅटरीवर गेला. मी माऊस हलवला तर पडद्यावरचा बाण हलेना. जरा झटकल्यावर चालू झाला. जुना माल, मी मनात म्हटलं.

घरच्यांना आणखी काही विचारायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी इस्पितळाची शंभर वाक्यं उघडली. प्रत्येक वाक्य वेगळं साठवलेलं, बटण दाबायचं आणि वाचायचं. ती पुसण्यात कोणाला रस असणार? पहिली चाळीस सकाळी झाली होती आणि सगळी पूर्ण होती. एक्केचाळिसावं दुपारचं. कागदावर होतं, "पाणी हवंय." मायक्रोफोनमध्ये होतं नुसतं, "हवंय." आधी दीड सेकंद मुकं.

बेचाळीस पूर्ण, त्रेचाळीस पूर्ण, सत्तरपर्यंत पूर्ण. मग दुसऱ्या दिवसाची दुपार. एकाहत्तरावं, "खिडकी उघडा." राहिलं होतं फक्त "उघडा."

मी खुर्चीत ताठ झाले. लबीबचं बासिलशी वैर असेल, विदादच्या मनात भावाचा राग असेल, पण पाण्याशी आणि खिडकीशी कोणाचं काय वाकडं?

"विदाद! लबीब! इकडे या दोघं!"

दोघं दारात येऊन उभी राहिली, एकमेकांपासून हातभर लांब. मी मायक्रोफोन टेबलाच्या मधोमध ठेवला. त्यावर एक छोटा हिरवा दिवा असतो, तो विझलेला होता.

"दिव्याकडे बघा," मी म्हटलं, बटण दाबलं आणि बोलले, "ओदेत, ओदेत, ओदेत, ओदेत." माझं दुसरं ओदेत संपत आलं तेव्हा कुठे दिवा लागला.

निरोप संपताच लगेच पुन्हा बटण दाबून तेच बोलले आणि मग दोन्ही लावून ऐकले. पहिल्यात आधी मुकं, मग दोनच ओदेत. दुसऱ्यात चारही आले होते. मग पाच-सहा सेकंद हात बांधून गप्प बसले. दिवा आपोआप विझला. पुन्हा बोलले आणि पुन्हा दोन गेले.

"कोणी हात लावला का याला?" मी विचारलं.

"कोणीच नाही," लबीब हळूच म्हणाला.

"मग चोर यंत्रातच आहे. हा मायक्रोफोन झोपतो. त्याला दोन सेकंद काम नसलं की संगणक त्याची वीज तोडून त्याला झोपवतो, आणि काम आलं की उठवतो. माऊस पटकन उठतो. याला डोळे उघडायला दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात हा काहीच पाठवत नाही आणि संगणक ती जागा कोरी ठेवतो. म्हणून खोलीचा आवाजसुद्धा नाही. इस्पितळाची वाक्यं बाबांनी पाठोपाठ वाचली, म्हणून दर दुपारी फक्त पहिलं गेलं. निरोप दिवसाला एक, त्यामुळे त्याचा पहिला शब्दच जाणार."

"आणि तक्लाचं नाव?" विदादनं विचारलं.

"ते सकाळी, जनरेटर चालू असताना. ही झोपवाझोपवी फक्त बॅटरीवर असतानाच होते. तसा हुकूम कोणीतरी देऊन ठेवलाय."

"कोणी?"

"लिहिलेलं असेल. चांगला कारागीर बदल करताना वर नाव आणि तारीख टाकतो." मी लिनक्सच्या सेटिंगची फाईल उघडली. ती ओळ सापडली. तिच्या वर नाव होतं, तारीखही होती. मी वाचलं आणि माझे हात टेबलावरून खाली गेले.

५

"ओदेत, चार फेब्रुवारी."

लबीबनं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. दोनदा वाचलं.

मला आठवलं. फेब्रुवारीत विदाद हा लॅपटॉप घेऊन आली होती. "बॅटरी जरा टिकेल असं कर गं, एक ते चार निघायला हवेत." मीनामध्ये माझ्याकडे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. संगणकाचा रंग विचारत नाहीत, वेग विचारत नाहीत, बॅटरी टिकेल का तेवढं विचारतात. त्यामुळे आताशा मी विचारतही नाही. कोणतंही यंत्र टेबलावर आलं की, बॅटरीवर असताना जोडलेलं सगळं झोपव, हा एकच हुकूम डोळे मिटून टाकते. गल्लीतल्या दोन-अडीचशे यंत्रांत माझा हा शहाणपणा बसलेला आहे. नाव-तारीख टाकून, वर अभिमानानं.

मायक्रोफोन नंतर आला. तो कोणासमोर बसणार आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण ही सबब काही मनाला पटेना.

"म्हणजे," लबीब म्हणाला, "इन्स्पेक्टरच चोर."

"माफ कर, लबीब. मी तुझ्यावर संशय घेतला."

"लेखी द्या. भिंतीवर लावतो." मग बायकोकडे बघून त्याचा आवाज एकदम उतरला. "तूही घेतलास ना?"

 विदादनं त्याचा ओला हात धरला आणि आपल्या गालाला लावला. मी पडद्याकडे बघत बसले. लबीब खाकरला आणि कॉफी ठेवायला गेला.

दुरुस्ती एका ओळीची. बाकीच्यांना खुशाल झोपव, पण या मायक्रोफोनला कधीच नाही, बॅटरीवरसुद्धा नाही, असं त्याचा नंबर टाकून लिहिलं. हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मी पाच मिनिटं गप्प बसून बघितलं, मग एकदाच ओदेत म्हटलं. ते पूर्ण आलं. यात बॅटरीची दहा मिनिटंसुद्धा जात नव्हती. दहा मिनिटांसाठी एका माणसाची हाक गेली होती.

"आता बाबांना सांगायचं," मी म्हटलं.

"नको! तू शपथ घेतलीस."

"विदाद, गुन्हा माझा आहे. कबुली मीच देणार."

६

मुअल्लिमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बासिलचं पत्रही विदादनं वाचून दाखवलं. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मला वाटलं, आता ते ओरडतील, त्यांचा तो अधिकारच होता.

त्यांनी एवढंच विचारलं, "किती पाठवले?"

"एकोणीस."

"एकातही नाही?"

"एकातही नाही."

"यंत्र इकडे आण."

विदाद सवयीनं दाराकडे निघाली. त्यांनी मान हलवून तिला थांबवलं. आम्ही तिघंही भिंतीला टेकून उभे राहिलो. अडीच वाजले होते आणि गल्ली शांत होती. त्यांनी बटण दाबलं.

"बासिल," ते म्हणाले. साधंच, समोर बसलेल्याला म्हणावं तसं. आणि थांबून पुन्हा, "बासिल." हे जरा लांबवून, गच्चीतून खाली समुद्रात डुंबणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तसं. तिसरं रागाचं होतं, काहीतरी फुटल्यावरचं. चौथ्यात त्यांनी बापाचं नाव, आजोबाचं नाव, आडनाव, सगळं लावलं, जसं पाद्रीबाबा बाप्तिस्म्याला म्हणतात. आठवं की नववं तान्ह्या बाळाशी बोलल्यासारखं. मी बोटांवर मोजत होते. तेराव्याला खोकला आला. विदाद पाणी घेऊन पुढे झाली, "बास बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय," म्हणाली. त्यांनी पाणी घेतलं आणि सहा बोटं दाखवली.

अठरावं फुटलं, अर्धं हवेतच गेलं. त्यांना पटलं नाही, त्यांनी ते पुन्हा घेतलं. एकोणिसावं इतकं हळू होतं की तीन पावलांवर मला ऐकू आलं नाही. पण दिवा लागलेला होता.

"घाल पत्त्यावर," ते म्हणाले.

पाठवण्याआधी मी ते कानाला लावून ऐकलं. सगळी होती. एकोणिसावंसुद्धा.

बारा मिनिटांनी उत्तर आलं. विदादनं फोन बापाच्या मांडीवर ठेवला आणि बटण दाबलं. बराच वेळ कोणाचा तरी श्वास, मग एका मोठ्या पुरुषाचा रडवेला आवाज.

"ओ, बाबा."

आणखी काही नाही. हाकेला ओ दिली, तेवढंच. मुअल्लिमनी ते तीनदा लावायला लावलं. दहाव्या मिनिटाला विमानाच्या तिकिटाचा फोटो आला, बुधवारचं.

म्हाताऱ्यानं मग कागद मागवला आणि लिहिलं, "आता मी बोलणार नाही. आहे तो आवाज तो येईपर्यंत टिकला पाहिजे." आणि खरंच, सोमवार दुपारपासून ते कोणाशी अक्षर बोलले नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा खुणेनंच बस म्हणाले.

बुधवारी तीन वाजता बासिल आला. मी नेमकी तिथं होते, माझा नाइलाज होता, मला राहवत नव्हतं. दारात उभा राहिला, केस पांढरे झालेले, हातात बॅग.  म्हाताऱ्यानं दोन दिवस जपलेला आवाज काढला.

"किती बारीक झालास रे," ते म्हणाले. "बस."

आणि मग जे बोलायला लागले ते थांबेचनात. काय बोलले ते मी ऐकलं नाही, विदादनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. चार वाजता खाली जनरेटर सुरू झाला, भिंती थरथरायला लागल्या. मी दारातून डोकावले. त्या गोंगाटात बासिलला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो खुर्ची सोडून जमिनीवर बसला होता आणि त्यानं आपला कान बापाच्या ओठांना लावला होता.